फोन बदलण्याआधी गॅलरीतली मूळ फाइल बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव गंगाखेड तालुक्यात. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. रात्रीची कीर्तनं आणि एखादं भारूड तुम्ही फोनवर शूट करता, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकता आणि यूट्यूबच्या चॅनेलवर चढवता. पुण्यात कंपनीत असलेली पोरं, ऊसतोडीला गेलेली माणसं ते बघतात. तक्रारी तीन आहेत: ग्रुपवर चित्र पुसट दिसतं, यूट्यूबवर रात्रभर लावून ठेवलं तरी अपलोड पुरं होत नाही, आणि गजर सुरू झाला की आवाज फाटतो. त्यावर कुणीतरी सल्ला दिला की १०८ मेगापिक्सेलचा फोन घ्या, आणि तुम्ही विचारताय की २५ हजारांत कोणता घेऊ.

माझं अंबाजोगाईत शूटिंग-मिक्सिंगचं काम आहे, मिनी डीव्ही कॅसेटच्या काळापासून. लग्नाच्या तिथी सोडल्या तर सगळ्यात जास्त काम सप्ताहांचंच असतं. त्या जोरावर सांगतो, तूर्तास एकही फोन घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोनचा कॅमेऱ्याशी संबंधच नाही, आणि तिसरी २५ हजारांचा काय, लाखाचा फोन घेतला तरी तशीच राहील.

आधी एक काम करा. मागच्या सप्ताहातला एखादा व्हिडिओ फोनच्या गॅलरीत मूळ स्वरूपात शिल्लक असेल तर तो उघडा. ग्रुपमधून परत आलेला नको, यूट्यूबवरचा नको, कॅमेऱ्याने साठवलेला. ब्राइटनेस पूर्ण करा, कानाला इअरफोन लावा आणि दहा मिनिटं नीट बघा. महाराजांचा चेहरा स्वच्छ दिसतो का? शब्द कळतात का? "व्हिडिओ खराब येतो" म्हणून माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांनी मूळ फाइल कधी बघितलेलीच नसते. ग्रुपवरचा व्हिडिओ बघून ते फोनला नावं ठेवतात. मूळ फाइल चांगली असेल तर दोष पाठवण्यात आहे. मूळ फाइलच खराब असेल तर दोष शूटिंगमध्ये आहे, म्हणजे उजेड, जागा आणि माइक. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, चित्राचा दोष पाठवण्यातला आहे आणि आवाजाचा दोष शूटिंगमधला.

ग्रुपवरच्या पुसटपणाचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. नेहमीसारखा जोडलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. कित्येक वर्षं तिथं १६ एमबीची मर्यादा होती, आणि साध्या अँड्रॉइड फोनवर १०८० पी चा, म्हणजे फुल एचडी, एक मिनिटाचा व्हिडिओच १२५-१३० एमबीचा होतो. म्हणजे किती दाबावं लागत असेल बघा. २०२३ मध्ये 'एचडी'चा पर्याय आला, पण तोसुद्धा दाबतोच, फक्त जरा कमी. मूळ फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर ती व्हिडिओ म्हणून न जोडता 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. तिथं २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि तिला कुणी हात लावत नाही. एका माणसाला, म्हणजे महाराजांना किंवा एडिटिंग करणाऱ्या मित्राला द्यायची तर ही पद्धत उत्तम. ग्रुपवर मात्र हे करू नका. ज्यांनी ती फाइल उघडली त्यांचा दिवसाचा दीड जीबी तिथंच संपेल आणि शिव्या तुम्हाला बसतील. ग्रुपवर अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा आणि खाली यूट्यूबची लिंक, एवढंच टाकावं.

यूट्यूबवर पुसट दिसण्याचं कारण निराळं असतं. व्हिडिओ चढल्या-चढल्या तिथं आधी कमी दर्जाची प्रत तयार होते, एचडी प्रत मागाहून येते. लांब व्हिडिओला तर बराच वेळ लागतो. चढवला की लगेच लिंक वाटली तर पहिले पन्नास जण तीच पुसट प्रत बघतात आणि "दिसत नाय नीट" लिहून मोकळे होतात. म्हणून आधी 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो, एचडी आलं की 'पब्लिक' करा. शिवाय बघणाऱ्याचं नेट कमी असेल तर यूट्यूब आपसूक २४० पी वर उतरतं. त्याला तुम्ही काही करू शकत नाही. फार तर खाली एक ओळ लिहा की सेटिंगमधून क्वालिटी वाढवून बघा.

आता अडकणारं अपलोड. इथं थोडं गणित लागेल. तुमचा फोन १०८० पी ला साधारण १७ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिट, लिहितो असं धरू. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी. बऱ्याच फोनचा आकडा त्याच्या आसपास असतो. दोन तासांचं कीर्तन म्हणजे सुमारे १५ जीबी. गावातल्या नेटचा अपलोडचा वेग ३ एमबीपीएस मिळाला, तोही न तुटता, तर या १५ जीबीला अकरा तासांहून जास्त लागतील. रात्री अकराला लावलं तर सकाळी दहापर्यंत. मधे एकदा लाइट गेली, राउटर बंद पडला, फोनच्या बॅटरी सेव्हरने यूट्यूबला झोपवलं की संपलं. दोष ना यूट्यूबचा, ना फोनचा. पाण्याचा टँकर कितीही भारी कंपनीचा आणला तरी बोटाएवढ्या नळीतून तो तेवढ्याच वेळात उतरणार.

स्पीड टेस्ट लावता तेव्हा लोक डाउनलोडचा आकडा बघतात. तो ३० असेल, ४० असेल, आपल्याला त्याचा उपयोग नाही. खालचा अपलोडचा आकडा बघा. आणि तो एकदाच बघू नका. रात्री नऊला बघा, मग पहाटे काकड्याच्या वेळेला बघा. एकाच टॉवरवर सगळं गाव असतं. रात्री जेवणं झाल्यावर जो तो रील बघत पडलेला असतो, पहाटे चारला टॉवर मोकळा असतो. सप्ताहात तुम्ही त्या वेळी जागे असताच. ग्रामपंचायतीत भारतनेटचं कनेक्शन चालू असेल तर तिथं बघा, नाहीतर तालुक्याला ज्याच्याकडं फायबर आहे त्याच्याकडं पेन ड्राइव्ह घेऊन जाणं हा काही कमीपणा नाही. मी स्वतः मोठी कामं घरी आणूनच चढवतो.

नळी मोठी होत नसेल तर माल कमी करायचा. यूट्यूब १०८० पी, ३० फ्रेमच्या व्हिडिओला ८ एमबीपीएस सुचवतं, ७२० पी ला ५. पण कीर्तन म्हणजे काय? कॅमेरा स्टँडवर स्थिर, मागं बॅनर स्थिर, हलतात ते महाराज आणि टाळकरी. अशा चित्राला मी १०८० पी वरच ५ एमबीपीएस देतो आणि फोनच्या पडद्यावर कुणाला फरक कळत नाही. त्या हिशेबाने दोन तासांचे साडेचार जीबी होतात, आणि त्याच ३ एमबीपीएसच्या नेटवर साडेतीन तासांच्या आत चढतात. म्हणजे काकड्याला लावलं तर सकाळच्या गाथा भजनापर्यंत काम झालेलं असेल.

हे करायचं कसं? कॉम्प्युटर असेल तर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 'कॉन्स्टंट' निवडा. फोनचे कॅमेरे फ्रेमरेट कमी-जास्त करत लिहितात, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यामुळं तासाभरानं ओठ एक बोलतात आणि आवाज मागून येतो. फोनवरच करायचं असेल तर काईनमास्टर किंवा व्हीएनमध्ये एक्स्पोर्ट करताना बिटरेट, म्हणजे तोच एमबीपीएसचा आकडा, खाली आणता येतो. मात्र हे एकदाच करा. एका अ‍ॅपमधून काढलं, दुसऱ्यात टायटल टाकलं, तिसऱ्यात पुन्हा लहान केलं, असं केलं की प्रत्येक फेरीत चित्र थोडं थोडं झिजतं. कट, टायटल, आवाज सगळं एका ठिकाणी करून एकदाच बाहेर काढा.

दोन बारीक गोष्टी. चॅनेल फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं नसेल तर यूट्यूब १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ घेत नाही; तुमचं झालेलं असेलच, पण बघून घ्या. आणि यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'फक्त वाय-फायवर अपलोड' चालू असेल तर मोबाइल डेटावर कितीही वेळ ठेवलं तरी तो नुसता वाट बघत बसतो. अपलोड सुरू असताना बॅटरी सेव्हर बंद, फोन चार्जिंगला, अ‍ॅप समोर उघडं.

रेकॉर्डिंगबद्दल तुम्ही सहज लिहिलेली एक ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली: "कधी कधी अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं." तुम्ही मेमरी कार्डवर शूट करत असणार आणि कार्ड ३२ जीबीचं किंवा त्याहून लहान असणार. अशी कार्डं फॅट ३२ पद्धतीची असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. वरच्या हिशेबाने ४ जीबी म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं पुढं. काही फोन तिथं दुसरी फाइल सुरू करतात, काही गप बंद पडतात. ६४ जीबीचं किंवा मोठं कार्ड घेतलंत तर ही अडचण जाते. फोनच्या आतल्या मेमरीत शूट केलं तरी जाते.

पण अडचण गेली म्हणून दोन तासांची एकच फाइल करू नका. एमपी-४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची यादी साधारणपणे शेवटी, तुम्ही स्टॉप दाबल्यावर लिहिली जाते. एक तास पन्नास मिनिटांनी बॅटरी संपून फोन बंद पडला तर ती यादीच लिहिली जात नाही, आणि कार्डावर १४ जीबीची फाइल दिसते पण उघडत नाही. दुरुस्तीची सॉफ्टवेअर असतात, कधी काम करतात, कधी नाही. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून लगेच पुन्हा सुरू करायचं. कधी थांबवायचं? निरूपण चालू असताना नाही. महाराज गजर घेतात, टाळकरी चाल धरतात, तेव्हा. तिथले दोन सेकंद गेले तरी जोड दिसत नाही. आम्हाला ही सवय मिनी डीव्हीनं लावली, कॅसेट तासाची असायची आणि बदलायची वेळ आली की गजराची वाट बघत बसावं लागायचं.

आता आवाज. खरा खर्च आणि खरी मेहनत इथं करा. चित्र थोडं पुसट असलं तर माणूस कीर्तन ऐकतो. आवाज फाटला तर सख्खा भाऊसुद्धा दोन मिनिटांत बंद करतो.

फोन आवाजाची पातळी स्वतःच ठरवतो. महाराज हळू आवाजात दृष्टांत सांगतात तेव्हा फोन माइक वाढवतो. अशात एकदम वीस टाळ आणि पखवाज सुरू झाला की वाढवलेल्या माइकवर तो धबधबा पडतो आणि आवाज कापला जातो. वर तुम्ही फोन लावता कुठं? बहुतेक स्टेजच्या समोर, साऊंडवाल्याच्या बॉक्सच्या पुढ्यात, कारण तिथून महाराज छान दिसतात. बॉक्सचा दणका सरळ फोनच्या माइकमध्ये जातो. कापला गेलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. हळू आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. त्यामुळं नेहमी थोडा कमीच घ्या.

यावर तीन मार्ग आहेत आणि कुठला बरा हे तुमच्या गावच्या साऊंडवर ठरतं.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे घरातला दुसरा, जुना का असेना, फोन. त्यात नुसतं व्हॉइस रेकॉर्डर सुरू करायचं, तो विमान मोडवर टाकायचा आणि बॉक्सपासून लांब, महाराजांच्या अलीकडं हार्मोनियमच्या बाजूला ठेवायचा. टाळकऱ्यांच्या रांगेत नको. सुरुवातीला दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर टाळाचा एक ठोका मारायला सांगा. एडिटिंगमध्ये टाळ भिडल्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक जुळवलं की काम झालं. प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग नव्याने सुरू कराल तेव्हा गजरातला कुठलाही ठळक ठोका धरून जुळवता येतं.

दुसरा मार्ग क्लिपवाल्या माइकचा. हजाराच्या आत-बाहेर वायरचा बरा माइक मिळतो. फोनला जुनी गोल पिन असेल तर सरळ लागतो, नसेल तर टाइप-सीचा घ्या. लोक तो महाराजांच्या सदऱ्याला लावायला जातात. कीर्तनकार उभे असतात, नाचतात, उपरणं सावरतात. प्रत्येक वेळी कापड माइकवर घासतं आणि खसखस येते. शिवाय पुष्कळ महाराजांना अंगाला काही लावलेलं आवडत नाही, आणि ऐन वेळी मागणं बरंही दिसत नाही. त्यापेक्षा समोरच्या माइकच्या स्टँडला, तोंडाच्या खाली वीतभर अंतरावर, चिकटपट्टीनं लावा. वरचं स्पंजचं टोपण काढू नका, उघड्या मंडपात वारा लागतो. वायर मात्र नीट चिकटवा, काल्याच्या दिवशी स्टेजवर किती माणसं चढतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिसरा आणि सगळ्यात चांगला मार्ग थेट मिक्सरमधून आवाज घेण्याचा. मिक्सरच्या मागं किंवा वर 'रेक आउट' लिहिलेली लाल-पांढरी दोन छिद्रं असतात. पण तिथून निघणारा सिग्नल माइकच्या मानाने फार जोरदार असतो. तो तसाच फोनच्या माइकच्या पिनेत घातला तर पहिल्या अक्षरापासून फाटलेलाच येणार. मधे पातळी कमी करणारी केबल लागते, किंवा लाइन-इन असलेलं छोटं रेकॉर्डर. आणि मिक्सरमध्ये ज्याच्यापुढं माइक आहे तेवढंच येतं. पखवाजाला माइक असतो, टाळकऱ्यांना बहुधा नसतो, श्रोत्यांच्या "विठ्ठल विठ्ठल"ला तर नाहीच. नुसता मिक्सरचा आवाज लावला तर महाराज रिकाम्या खोलीत बोलल्यासारखे वाटतात. म्हणून मिक्सरचा आवाज मुख्य ठेवून त्याच्याखाली फोनचा आवाज हलकाच मिसळा. साऊंडवाल्याशी बोलायचं ते दुपारी, तो बॉक्स मांडत असताना, चहा पाजून. रात्री कार्यक्रम सुरू झाल्यावर मिक्सरच्या मागं हात घातला तर तो ओरडणारच, आणि त्याचं बरोबर आहे.

तुमच्यासारख्यांना मी पहिला मार्ग आधी सांगतो, कारण त्यात खर्च शून्य. दुसऱ्या फोनचा आवाज ऐकून बघा. निम्म्या गावांत तेवढ्यावर भागतं.

चित्राबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्याची काच धुतलेल्या सुती रुमालाने पुसा. दिवसभर खिशात राहून तिला बोटांचं तेल लागतं आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती धूसर गोळा दिसतो. "कॅमेरा गेला" म्हणून आणलेले फोन मी दुकानात नुसते पुसून परत दिलेत. झूम करू नका, फोन पुढं न्या. बायकांच्या बैठकीच्या पुढं जाऊन उभं राहता येत नाही हे खरं, म्हणून स्टँड आधीच डाव्या-उजव्या कडेला लावून ठेवा. महाराजांचे कपडे पांढरे, मागचा मंडप अंधारा, त्यामुळं फोन सगळं उजळवतो आणि सदरा-फेटा नुसता पांढरा डाग होतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याची खूण येईल, मग शेजारची सूर्याची खूण जराशी खाली ओढा. फेट्याच्या घड्या दिसायला लागल्या की थांबा.

एलईडी फोकसखाली चित्रावर काळ्या आडव्या पट्ट्या सरकतात, तेही नव्या फोनने जात नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो मोड असेल तर शटर, म्हणजे एका फ्रेमला दिलेला वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की त्याचे फेरे कमी-जास्त होतात, मग पट्ट्या थोड्या येणारच.

फोन विमान मोडवर टाकून शूट करा, नाहीतर नेमक्या दृष्टांताच्या वेळी सासरवाडीचा फोन येतो. चैत्र-वैशाखातला सप्ताह असेल आणि दुपारची दिंडी घेत असाल तर कव्हर काढून ठेवा. ४०-४२ अंशांत फोन आधी पडदा अंधुक करतो, मग चार्जिंग तोडतो, मग कॅमेराच बंद करतो. पॉवर बँक लावून उन्हात शूट केलं की हे आणखी लवकर होतं, म्हणून चार्जिंग आधीच पूर्ण करा आणि दोन कामांच्या मधे सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, आत पाणी धरतं.

तुम्ही विचारलं नाही, पण चॅनेल चालवताय म्हणून कॉपीराइटबद्दल सांगतो. परभणीत गंगाखेडच्या जनाबाई, शेजारी हिंगोलीत नरसीचे नामदेव, वर पैठणला नाथ. आपला प्रदेशच संतांचा. त्यांचे अभंग, नाथांची भारुडं सगळी मोकळी आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि त्यांना तर शतकं लोटली. मोकळं नसतं ते कुणीतरी गायलेलं रेकॉर्डिंग. व्हिडिओच्या सुरुवातीला एखाद्या कंपनीच्या सीडीतला अभंग टायटलखाली लावला की क्लेम येतो. गजरात बँडवाल्याने सिनेमाची चाल वाजवली तरी येऊ शकतो. क्लेम म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडं जातात, व्हिडिओ राहतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याची ताकीद, वेगळी: ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जातं. "तुमच्या चॅनेलला स्ट्राइक आली आहे, सोबतची फाइल उघडा" असा मेल आला तर फाइल उघडू नका. खरी स्ट्राइक असेल तर ती यूट्यूब स्टुडिओत दिसतेच.

आणि महाराजांना विचारा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचाही हक्क आहे, ५० वर्षांचा. कायदा बाजूला ठेवला तरी आता पुष्कळ कीर्तनकारांची स्वतःची चॅनेलं आहेत. तुम्ही पूर्ण कीर्तन चढवलं तर त्यांना ते खटकू शकतं. बहुतेक जण "टाका, माऊली" म्हणतात. कुणी म्हणतात पूर्ण नको, दहा मिनिटं टाका. तसं करा. खरं सांगायचं तर दहा मिनिटांचा एक दृष्टांत वेगळा काढून टाकला की तो दोन तासांच्या व्हिडिओपेक्षा जास्त बघितला जातो. उभा तुकडा तीन मिनिटांपर्यंतचा असेल तर तो शॉर्ट्समध्येही चालतो. भारुडात गावातली लेकरं नाचत असतील तर आई-बापांना विचारून टाका.

यूट्यूबवर चढलं म्हणून मूळ फाइल उडवू नका. स्टुडिओतून परत उतरवलेली प्रत जास्तीत जास्त ७२० पी ची मिळते. गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेल आणि फोटो धरून, म्हणजे तुमचं एक कीर्तन. त्यापेक्षा ओटीजी, म्हणजे फोनला डिस्क जोडायची छोटी पिन, लावून एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाका आणि फोल्डरला तिथी, वर्ष आणि महाराजांचं नाव द्या.

आता तुमच्या २५ हजारांचं. हजाराचा माइक, तेवढ्याचाच स्टँड, ६४ किंवा १२८ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड आणि एक हार्डडिस्क एवढं घेऊन बरेच पैसे उरतील. फोन कधी घ्यायचा हे तुम्ही काय शूट करता त्यावर आहे. नुसती कीर्तनं असतील तर हाच फोन आणखी दोन-तीन वर्षं चालेल. भारूड जास्त करत असाल, हातात फोन धरून सोंगाच्या मागं-पुढं पळत असाल, मागं एकच पिवळा बल्ब असेल, तर मात्र फोनचा फरक पडतो. तेव्हाही मेगापिक्सेल बघू नका. १०८० पी व्हिडिओची एक फ्रेम जेमतेम २ मेगापिक्सेलची असते, ४ के ची सव्वाआठ. १०८ चा आकडा फोटोसाठी आणि जाहिरातीसाठी. बघायचं ते हे: मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, आहे का, आतली मेमरी २५६ जीबी आहे का किंवा कार्डाची जागा आहे का, आणि माइक लावल्यावर कॅमेरा त्याचाच आवाज घेतो का. शेवटची गोष्ट कुठल्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. आपला माइक खिशात घेऊन दुकानात जा, तिथंच लावून अर्धं मिनिट शूट करा आणि ऐका. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.